सीएसआरमधून मिळणारा पाण्याचा प्लांट: करारनाम्यात काय लिहून घ्यावे?

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी,

खारपाणपट्ट्यातल्या दीड हजार वस्तीच्या एका गावाला एमआयडीसीतली एक कंपनी सीएसआर (कायद्याने कंपनीने समाजकार्यावर करायचा खर्च) निधीतून ताशी हजार लिटरचा आरओ प्लांट (मेंब्रेनमधून, म्हणजे अतिसूक्ष्म पडद्यातून, दाबाने पाणी गाळणारी यंत्रणा) द्यायला तयार आहे. रक्कम १५ लाख. जागा आणि बोअर ग्रामपंचायतीचे. कंपनीचा आग्रह एवढाच की ३१ मार्चच्या आत काम पूर्ण व्हावे. बोअरच्या पाण्याचा अहवाल असा: टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) २१५०, हार्डनेस (कठीणपणा) ६२०, नायट्रेट ७८, फ्लोराइड १.७, लोह ०.२ (सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर). गाव जलजीवन मिशनच्या प्रादेशिक योजनेत आहे, पण नळाला पाणी यायला अवकाश आहे.

असे प्लांट थाटात सुरू होतात आणि वॉरंटी संपली की शेडला कुलूप लागते, हे चित्र सगळ्यांनी पाहिले आहे. मशिन वाईट असते असे नाही. चौथ्या वर्षी मेंब्रेन कोणी बदलायचे, हे पहिल्या वर्षी कोणी ठरवलेले नसते. म्हणून मशिनच्या माहितीपत्रकापेक्षा करारनाम्यावर चर्चा व्हावी असे वाटते. प्लांट कोणाच्या नावावर असावा, दर किती ठेवावा, कंपनीकडून नेमके काय मागावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे. मसुदा तयार झाला की इथेच टाकतो.

---

मोगरा

वाखूण साठवली. आमच्या बाजूच्या दोन गावांना हवाच आहे हा मसुदा.

---

हिशोबनीस

आधी मार्चची घाई बाजूला काढू, कारण कायद्यात तिला उत्तर आहे.

कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५. आधीच्या आर्थिक वर्षात नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी असेल तर कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करायची. शुद्ध पिण्याचे पाणी हे त्याच कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये (सीएसआरखाली चालणाऱ्या कामांची यादी) पहिल्याच कलमात आहे, त्यामुळे पात्रतेचा प्रश्न नाही.

२०२१ च्या सुधारणेनंतर 'चालू प्रकल्प' ही सोय स्पष्ट झाली. ज्या वर्षी काम सुरू झाले ते वर्ष सोडून पुढची तीन वर्षे प्रकल्प चालवता येतो. संचालक मंडळाने तसा ठराव करायचा, न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या 'अनस्पेंट सीएसआर' खात्यात टाकायची आणि तीन आर्थिक वर्षांत खर्च करायची. म्हणजे पैसे बुडत नाहीत, कंपनीला दंडही होत नाही. प्रकल्प चालू प्रकल्प नसेल, तर मात्र न खर्चलेले पैसे सहा महिन्यांत अनुसूची ७ मधल्या सरकारी निधीत भरावे लागतात. घाई होते ती यामुळे.

दुसरे, संस्थेच्या खात्यात पैसे टाकले म्हणजे खर्च झाला असे धरत नाहीत. संस्थेने ते प्रत्यक्ष वापरले आणि कंपनीच्या वित्त प्रमुखाने तसे प्रमाणित केले, तरच तो सीएसआर खर्च. त्यामुळे ३० मार्चला धनादेश देऊन कंपनीचाही फायदा होत नाही.

गावाने कंपनीकडे पहिली मागणी हीच करावी: 'हा प्रकल्प चालू प्रकल्प म्हणून मंजूर करा, उभारणीचे पैसे या वर्षी आणि चालवण्याचे पुढची तीन वर्षे.'

---

काळीमाती

@हिशोबनीस, यापेक्षा सोपे म्हणजे कंपनीने पाच लाख रुपये ग्रामपंचायतीच्या नावाने मुदत ठेवीत ठेवावेत. व्याजातून दुरुस्ती होत राहील. तीन वर्षांचा हिशोब ठेवायची कटकटच नको.

---

हिशोबनीस

@काळीमाती, पूर्वी असे चालायचे. २२ जानेवारी २०२१ पासून कोणत्याही संस्थेच्या कॉर्पसला (कायम ठेवायच्या निधीला) दिलेली रक्कम सीएसआर खर्च म्हणून धरत नाहीत. पैसे ठेवीत पडून राहिले तर ते 'वापरले' ठरत नाहीत. दुरुस्ती निधी गावाला पाण्याच्या दरातूनच उभा करावा लागेल. कंपनी तीन वर्षांचा देखभाल करार, मेंब्रेनचा एक जादा संच, पाणी तपासणी, ऑपरेटरचे प्रशिक्षण, इतके देऊ शकते. हा थेट प्रकल्पाचा खर्च आहे, तो ५ टक्के प्रशासकीय खर्चाच्या मर्यादेत येत नाही. पुष्कळ कंपन्यांत या दोन गोष्टींची गल्लत होते आणि 'पगार देता येत नाही' असे गावाला सांगितले जाते.

मालकीबद्दल सीएसआर नियमांतला नियम ७(४) बघा. सीएसआरमधून घेतलेली भांडवली मालमत्ता कंपनी स्वतःकडे ठेवू शकत नाही. ती सीएसआर नोंदणी असलेल्या कलम ८ कंपनी (ना-नफा कंपनी), सार्वजनिक न्यास किंवा संस्थेकडे जाते, किंवा लाभार्थ्यांच्या बचत गटासारख्या समूहाकडे, किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे. ग्रामपंचायत या तिसऱ्या प्रकारात बसते. करारनाम्यात 'हस्तांतर' हा शब्द आणि तारीख हवीच. पुष्कळ ठिकाणी प्लांट कागदोपत्री मधल्या संस्थेचाच राहतो, मग तो दुरुस्त करायला ग्रामपंचायतीला निधी टाकता येत नाही.

मधली संस्था असेल तर तिचा सीएसआर-१ (कंपनी मंत्रालयाकडची नोंदणी) क्रमांक, १२ए आणि ८०जी (आयकर खात्याकडची) नोंदणी बघून घ्या. कंपनीने स्वतः स्थापन केलेली नसेल तर तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभवही लागतो.

---

जलतरंग

आता पाण्याकडे येऊ. अहवाल चांगला आहे पण अर्धा आहे.

बीआयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे टीडीएसची इष्ट मर्यादा ५००, दुसरा स्रोत नसेल तर २०००. हार्डनेस २०० आणि ६००. फ्लोराइड १.० आणि १.५. नायट्रेट ४५, त्यात सवलत अजिबात नाही. म्हणजे तुमच्या बोअरला चारही बाबतीत अडचण आहे आणि इथे आरओ समर्थनीय आहे. फक्त फ्लोराइड जास्त आणि टीडीएस सहाशे-सातशे असता तर आरओला मी विरोध केला असता. तिथे अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिना किंवा नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली, तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत पुरते. नायट्रेट मात्र या दोन्हींनी निघत नाही.

अहवालात नसलेल्या गोष्टी: सिलिका, कॅल्शियम, अल्कलिनिटी, सल्फेट, पीएच आणि ई. कोलाय. बेसॉल्टमधल्या पाण्यात सिलिका बऱ्यापैकी असते. निम्मे पाणी शुद्ध म्हणून काढून घेतले की उरलेल्या निम्म्यात सगळे क्षार दुप्पट होतात. कॅल्शियम कार्बोनेटचा थर अॅसिडने निघतो, सिलिकाचा थर बसला की मेंब्रेन गेली म्हणून समजा. हे आकडे नसतील तर पुरवठादार अँटिस्केलंटचा (थर बसू न देणाऱ्या रसायनाचा) डोस अंदाजाने लावतो.

नमुना घेताना फ्लोराइडसाठी प्लास्टिकची बाटली वापरा, काचेची नको. जिवाणूंसाठी प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली घ्या, बर्फात ठेवा आणि २४ तासांच्या आत पोचवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत हे काम होते. एक नमुना मे महिन्यातला, एक पावसाळ्यानंतरचा. रचना मे महिन्याच्या आकड्यांवर करायची.

---

वेधशाळा

टीडीएस मीटर दोनतीनशे रुपयांत मिळतो. ऑपरेटरने रोज तो बुडवून बघितला तर पुरे नाही का?

---

जलतरंग

रोज बघावाच, पण तो फक्त पाण्याची विद्युतवाहकता मोजून अंदाज सांगतो. जिवाणू त्याला दिसत नाहीत. शिवाय नायट्रेट मेंब्रेनमधून इतर क्षारांपेक्षा जास्त निसटतो. मेंब्रेन जुनी झाली की टीडीएस १५० दाखवत असताना नायट्रेट मर्यादेकडे सरकलेला असू शकतो. तीन महिन्यांतून एकदा प्रयोगशाळा, आणि मधल्या काळात ग्रामपंचायतीकडचे फील्ड टेस्ट किट.

---

सुनंदा_वऱ्हाड

चालवणार कोण, यावर अजून कोणी बोलले नाही. मालकी ग्रामपंचायतीची आणि चालवणे महिला ग्रामसंघाकडे (गावातल्या बचत गटांचा संघ), ही विभागणी चांगली टिकते. कारण साधे आहे. सरपंच पाच वर्षांनी बदलतात, ग्रामसेवक बदलीवर जातात, पण उमेद अभियानाच्या ग्रामसंघाची बैठक, रोजमेळ आणि बँक खाते चालू असते. वसुलीची सवय गटांना आहे.

पण यात अटी आहेत. ग्रामसंघाला नुसते 'सेवाभावी' काम म्हणून दिले तर दोन महिन्यांत एकाच बाईवर सगळा भार पडतो. ऑपरेटरला ठरलेले मानधन, तिच्या गैरहजेरीत दुसरी प्रशिक्षित महिला, आणि कॅन उचलायला कमरेच्या उंचीचा ओटा. भरलेला २० लिटरचा कॅन वीस किलोचा असतो. तो जमिनीवरून उचलून सायकलवर ठेवायचा त्रास रोजचा आहे. शेडच्या नकाशात नळाची उंची आणि ओटा काढून घ्या, नंतर कोणी करत नाही.

वस्तीपासून अंतरही बघा. मोकळी जागा आहे म्हणून गावाबाहेर शेड बांधली की टोकाच्या वस्तीतली माणसे येत नाहीत. पाणी ज्यांना सगळ्यात जास्त हवे ती बहुतेक वेळा हीच वस्ती असते.

---

काळीमाती

+१ सुनंदाताई. जागेचा विषय ग्रामसभेत घ्यावा, मासिक सभेत नको. ठरावात वीजबिल कोणी भरायचे हेही लिहा.

आणि वीज जोडणी ग्रामपंचायतीच्या नावाने, सार्वजनिक पाणीपुरवठा या वर्गात मागा. खासगी नावाने घेतली तर व्यावसायिक दर लागतो. जोडणी गावठाण फीडरवर (वस्तीला वीज देणाऱ्या वाहिनीवर) हवी. शेतीच्या फीडरवर दिली तर वीज रात्री येते आणि माणसे पाण्याला सकाळी येतात.

---

अनिकेत

थोडे अवांतर, पण शीर्षकाशी जोडलेले. नव्या तंत्रज्ञानाला सीएसआरमधून पैसा मिळू शकतो का? समजा एखाद्या स्टार्टअपने वीज न लागणारे फ्लोराइड गाळण बनवले, तर कंपनी त्यांना थेट देणगी देऊ शकेल?

---

हिशोबनीस

@अनिकेत, स्टार्टअप ही नफ्यासाठी काढलेली कंपनी असते, तिला थेट देणगी सीएसआर धरली जात नाही. दोन रस्ते आहेत. अनुसूची ७ च्या नवव्या कलमाखाली केंद्र किंवा राज्य सरकारच्या निधीवर चालणाऱ्या इनक्युबेटरला (नव्या उद्योगांना उभे करणाऱ्या केंद्राला) पैसे देता येतात, तिथून ते उमलत्या उद्योगांपर्यंत पोचतात. किंवा पिण्याच्या पाण्याच्या प्रकल्पात त्या स्टार्टअपकडून यंत्र विकत घ्यायचे. तेव्हा ते पुरवठादार असतात, आणि प्रकल्प कंपनीचा किंवा नोंदणीकृत संस्थेचा. दुसरा रस्ता गावाच्या दृष्टीने बरा, कारण त्यात कामगिरीची अट घालता येते.

---

भूस्तर

मला आरओबद्दलच मूलभूत आक्षेप नोंदवायचा आहे. जलतरंग यांनी शुद्ध पाण्याचे सांगितले, उरलेल्याचे सांगितले नाही.

कच्च्या पाण्यापैकी ५० टक्के शुद्ध होऊन मिळत असेल तर टाकाऊ पाण्यात टीडीएस सुमारे ४२००, नायट्रेट १४५ आणि फ्लोराइड ३.२ च्या आसपास जाईल. रोज तीन हजार लिटर शुद्ध पाणी काढले तर असे तीन हजार लिटर बाहेर. ते शेडमागच्या शोषखड्ड्यात सोडले, तर काही वर्षांत त्याच बोअरमध्ये परत येणार. गावाने एकदा जमिनीतून उपसलेला क्षार दाट करून पुन्हा जमिनीत घालायचा, हे मला पटत नाही. बाष्पीभवनाचे तळे करायचे म्हटले तर दिवसाला सरासरी ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरून एक चौरस मीटरमधून ५ लिटर उडते. तीन हजार लिटरला ६०० चौरस मीटर, म्हणजे सहा गुंठे, आणि तळाला अस्तर. पावसाळ्यात ते तळे उलट भरते.

माझा पर्याय छपराचे पाणी. ५० चौरस मीटर पत्र्याचे छप्पर, ७०० मिलिमीटर पाऊस, ८० टक्के हाती लागला तर २८ हजार लिटर. पाच माणसांना पिण्यासाठी आणि स्वयंपाकाला रोज २५ लिटर धरले तर पावसाळा सोडून २४० दिवसांना ६ हजार लिटर पुरतात. १५ लाखांत बऱ्याच घरांना टाक्या होतील, मेंब्रेन नाही, वीजबिल नाही, खारे पाणी नाही.

---

मोगरा

सहा गुंठे? एवढ्यात गावातल्या पोरांचे क्रिकेटचे मैदान होईल!

---

सुनंदा_वऱ्हाड

@भूस्तर, छपराची कल्पना मनापासून आवडते, पण सगळी छपरे पत्र्याची नसतात. मातीचे धाबे आणि कवेलू असलेली घरे गरिबांचीच. टाकी फक्त पक्क्या घराला मिळाली तर ज्यांना आधी मिळायला हवी ती मागे राहतात. शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायत, समाजमंदिर यांची छपरे मोठी असतात. तिथून सुरुवात करता येईल. सुरुवातीचा पाऊस वळवून देणारा पाइप आणि डासांसाठी जाळी मात्र हवी, नाहीतर टाकीत डेंग्यूचे डास होतात.

---

जलतरंग

भूस्तर यांचा टाकाऊ पाण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्यावर दोन उपाय आहेत, दोन्ही रचनेतच घ्यायला हवेत.

एक, मिश्रण. आरओमधून निघालेले पाणी टीडीएस ८०, नायट्रेट १०, फ्लोराइड ०.१५ असे धरा. त्यात १५ टक्के कच्चे पाणी मिसळले तर टीडीएस ३९० च्या आसपास, नायट्रेट २०, फ्लोराइड ०.४ येते. सगळे इष्ट मर्यादेत, चवही बरी, आणि मेंब्रेनवरचा भार व टाकाऊ पाणी दोन्ही १५ टक्क्यांनी कमी. मिसळायच्या कच्च्या पाण्याची नळी घेण्याची जागा महत्त्वाची: वाळू आणि कार्बन फिल्टरच्या नंतर, यूव्हीच्या (जिवाणू मारणाऱ्या अतिनील दिव्याच्या) आधी. यूव्हीनंतर मिसळले तर बोअरमधले जिवाणू थेट कॅनमध्ये. आणि व्हॉल्व्हला सील, नाहीतर कॅन लवकर भरावेत म्हणून तो कोणीतरी उघडत राहतो. मे महिन्यात नायट्रेट वाढला तर प्रमाण पुन्हा काढायचे.

दोन, टाकाऊ पाण्याला वेगळी टाकी आणि वेगळी पाइपलाइन: शाळेची आणि सार्वजनिक शौचालये, रस्त्यावर पाणी मारणे, बांधकामाची धुलाई. काँक्रीटमध्ये घालू नका, क्षारामुळे सळई गंजते. जनावरांना पाजू नका, १४५ नायट्रेटचे पाणी त्यांनाही चांगले नाही. झाडांना तर नाहीच, काळ्या चिकण जमिनीत सोडियम बसला की ती पाणी धरते आणि भेगाळते.

आता क्षमतेबद्दल. ३०० घरांपैकी निम्मी घरे रोज एक कॅन नेतील असे धरले तर रोज तीन हजार लिटर. ताशी हजारचा प्लांट तीन तास चालून २१ तास बंद. मेंब्रेनला हे मानवत नाही, साचलेल्या पाण्यात जिवाणूंचा थर वाढतो. ताशी ५०० चा प्लांट सहा तास चालला तर बरा. फ्रेम आणि शेड दुसरा संच बसेल इतकी ठेवा. सगळी घरे स्वयंपाकालाही नेऊ लागली की वाढवा. उरलेले पैसे चालवण्याला.

बिघाडाची कारणे, जशी येतात त्या क्रमाने. व्होल्टेज खाली जाऊन मोटर जळते: स्टॅबिलायझर आणि लो व्होल्टेज ट्रिप. बोअर आटून पंप कोरडा चालतो: ड्राय रन संरक्षण आणि लो प्रेशर स्विच. ५ मायक्रॉनची कार्ट्रिज धुऊन धुऊन वापरतात: दोन्ही बाजूंच्या दाबमापकांत अर्धा-पाऊण किलोचा (प्रति चौरस सेंटिमीटर) फरक पडला की बदलायचीच. अँटिस्केलंटचा कॅन रिकामा झाल्यावर कोणाच्या लक्षात येत नाही: तळाला फ्लोट लावून प्लांट बंद पडेल अशी जोडणी. ग्रामपंचायत कच्च्या पाण्याच्या टाकीत टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकते आणि ते शोषणारा कार्बन संपलेला असतो: पॉलिअमाइड मेंब्रेन क्लोरीनने कायमची खराब होते, ती कशानेच परत येत नाही. त्यामुळे प्लांटचे कच्चे पाणी थेट बोअरवरून, टीसीएल घातलेल्या टाकीतून नाही.

सणाला, लग्नसराईला, वीज नसताना प्लांट दोन दिवसांपेक्षा जास्त बंद राहणार असेल तर आधी शुद्ध पाण्याने धुऊन ठेवायचा. आठवडाभर बंद असेल तर १ टक्का सोडियम मेटाबायसल्फाइटचे द्रावण भरून ठेवा.

---

वेधशाळा

जलतरंग यांनी सांगितलेल्या निम्म्या गोष्टी सेन्सरने कळू शकतात. दाब, प्रवाह, टीडीएस, विजेचे तास हे सगळे सिमकार्डवरून सर्व्हरला जाते, बिघाड व्हायच्या आधी संदेश येतो. कार्ड टाकून पाणी देणारे एटीएम असेल तर विक्रीचा हिशोबही आपोआप. सीएसआरमध्ये खरी नवता ती हीच, असे माझे मत.

---

काळीमाती

मतभेद आहे. संदेश येतो, पण कोणाला? कंपनीच्या डॅशबोर्डवर लाल दिवा लागला आणि मिस्त्री तालुक्याला नसला तर उपयोग शून्य. नाण्याचे यंत्र ओल्या हाताने आणि धुळीने अडकते, कार्डाचे रीचार्ज करणारा एकच असतो. सेन्सरचे वार्षिक शुल्क हाही गावावर चौथ्या वर्षी येणारा खर्च. वहीत पाच आकडे रोज लिहिले तरी प्लांट वाचतो.

---

जलतरंग

दोघांचेही थोडे थोडे. वहीत रोज पाच आकडे: मेंब्रेनच्या आधीचा दाब, नंतरचा दाब, शुद्ध पाण्याचा प्रवाह, टाकाऊचा प्रवाह, शुद्ध पाण्याचा टीडीएस. पहिल्या आठवड्याची सरासरी मोठ्या अक्षरात भिंतीवर रंगवायची. प्रवाह तिच्यापेक्षा १० टक्के खाली आला की धुलाई: १०० लिटर शुद्ध पाण्यात २ किलो सायट्रिक अॅसिड, अर्धा तास फिरवायचे, तासभर भिजत ठेवायचे, पुन्हा फिरवून पूर्ण धुऊन काढायचे. थंडीत प्रवाह आपोआप कमी होतो, तेव्हा घाबरून धुलाई करू नये. २५ टक्के पडेपर्यंत थांबले तर थर निघत नाही.

सेन्सरपैकी एकच मागा: शुद्ध पाण्याच्या नळीवर बेरीज दाखवणारे साधे मीटर. कॅनची संख्या गुणिले २० आणि मीटरचे वाचन जुळले की हिशोबाचे भांडणच मिटते.

---

पूर्णाकाठ

सगळ्यांचे मनःपूर्वक आभार, इतके तपशीलवार अपेक्षित नव्हते. दराबद्दल कोणी सांगेल का? आसपास सगळीकडे ५ रुपये कॅन आहे.

---

हिशोबनीस

उदाहरणादाखल मांडतो, आकडे तुमच्या गावाचे घाला.

रोज १५० कॅन, ५ रुपये: महिना २२,५००. पावसाळ्याचे चार महिने ९० कॅन धरा, महिना १३,५००. वर्षाची जमा २,३४,०००.

महिन्याचा खर्च: ऑपरेटर ८,०००, वीज रोज ९ युनिट आणि ८ रुपये दर धरून सुमारे २,२००, अँटिस्केलंट (६,००० लिटर कच्च्या पाण्याला लिटरमागे ४ मिलिग्रॅम, म्हणजे महिन्याला पाऊण किलोच्या आत) ३५०, कार्ट्रिज ६००, तपासणी ५००, यूव्ही व टाकी सफाई ३००, किरकोळ दुरुस्ती १,५००, मेंब्रेनसाठी बाजूला १,७००, पंप आणि वाळू-कार्बनसाठी २,०००. एकूण १७,१५०, वर्षाला २,०५,८००.

शिल्लक २८,२००. दिसायला प्लांट नफ्यात. पण ६ लाखांची यंत्रणा दहा वर्षांनी बदलायची तर वर्षाला ६०,००० बाजूला पडायला हवेत, तिथे ३१,८०० कमी पडतात. ६ रुपये दर केला तर जमा २,८०,८०० होते आणि सगळे भागून १५,००० उरतात. पाच आणि सहा रुपयांतला फरक म्हणजे प्लांट एकदाच वापरायचा की पुन्हा उभा करायचा, हा आहे.

दर पहिल्या दिवसापासून सहा ठेवा. फुकट सुरू करून नंतर दर लावला की ग्रामसभा पेटते.

---

सुनंदा_वऱ्हाड

सहाला हरकत नाही, पण ग्रामसभेने विधवा, निराधार, अपंग कुटुंबांची यादी करून त्यांना रोज एक कॅन मोफत द्यावा आणि त्याचे पैसे ग्रामपंचायतीने प्लांटच्या खात्यात भरावेत. प्लांटने स्वतः सूट दिली की कोणाला द्यायची यावरून ऑपरेटरला बोलणी खावी लागतात. अंगणवाडीचे पाणी मोफतच असावे. लहान वयात दात आणि हाडे बनत असतात, तेव्हाच फ्लोराइडचा घात सगळ्यात जास्त.

आणि कॅन धुण्यासाठी वेगळा नळ. यूव्हीनंतर पाण्यात काहीच संरक्षण उरत नाही, शेवाळलेल्या कॅनमध्ये शुद्ध पाणी भरून काय होणार? घरी पोचल्यावरही पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन राहील इतका डोस शेवटच्या टाकीत द्यावा.

---

भूस्तर

सुनंदाताईंचा धाब्याच्या घरांचा मुद्दा मान्य, आणि मिश्रण केले तर माझा विरोध मवाळ होतो. तरी एक कलम हवे. प्रादेशिक योजनेचे गोडे पाणी दरडोई रोज ५५ लिटर या मापाने नियमित येऊ लागले, की या प्लांटची गरज संपते. तेव्हा कंपनी, ग्रामपंचायत आणि ग्रामसंघ यांनी बसून ठरवावे: यंत्रणा दुसऱ्या खाऱ्या गावाला द्यायची की फक्त यूव्ही आणि क्लोरीन ठेवायचे. यंत्रणा फ्रेमवर बसवलेली असावी, भिंतीत चिणलेली नको.

---

पूर्णाकाठ

मसुद्याचे मुख्य मुद्दे असे धरतो आहे, चुकले तर सांगा.

प्रकल्प तीन वर्षांचा चालू प्रकल्प म्हणून मंजूर व्हावा. क्षमता ताशी ५००, शेड दुसऱ्या संचाच्या जागेसह. १५ लाखांपैकी साधारण साडेआठ लाख उभारणी आणि वीज जोडणीला, उरलेले साडेसहा लाख देखभाल करार, तीन वर्षांची तपासणी, दोन महिलांचे प्रशिक्षण, मेंब्रेनचा एक संच आणि शाळा-अंगणवाडीच्या छपराच्या टाक्यांना. सुरू झाल्यापासून ९० दिवसांनी, तपासणीचा अहवाल मर्यादेत असेल तरच, ग्रामपंचायतीकडे लेखी हस्तांतर. चालवणे ग्रामसंघाकडे, दर ६ रुपये, दुरुस्ती निधीचे वेगळे खाते आणि त्यावर सरपंच व ग्रामसंघ अध्यक्षा दोघांच्या सह्या. टाकाऊ पाण्याची टाकी आणि पाइप उभारणीच्याच खर्चात.

---

हिशोबनीस

दोन दुरुस्त्या. पुरवठादाराचे शेवटचे २० टक्के बिल उद्घाटनाशी न जोडता ९० दिवसांच्या अहवालाशी जोडा. आणि बिघाड कळवल्यापासून ७२ तासांत मिस्त्री आला नाही तर दिवसामागे कपात किती, तो आकडा देखभाल करारात लिहा. 'तत्काळ सेवा' या शब्दाला काही किंमत नसते.

---

काळीमाती

पुरवठादाराचा मिस्त्री कोणत्या गावी राहतो, तेही लिहून घ्या. जिल्ह्याबाहेरचा असेल तर ७२ तास कागदावरच राहतील.

---

जलतरंग

मसुदा चांगला झाला आहे. फक्त क्रम बदला: करारावर सही होण्याआधी सिलिका, कॅल्शियम आणि अल्कलिनिटीचा अहवाल हातात हवा. सिलिका ६० च्या वर निघाली तर ५० टक्के पाणी काढणे जोखमीचे, ४० टक्क्यांवर यावे लागेल. मग टाकाऊ पाण्याची टाकी दीडपट मोठी लागेल आणि विजेचा आकडाही वर जाईल. अहवाल आला की इथे टाका, डोस आणि मिश्रणाचे गणित मांडून देतो.